रेड सॉक्सच्या चाहत्यांचा राग मुरलेला का आहे?

१५ जून २०२५, रविवार. बोस्टनच्या फेनवे पार्कवर तिथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने न्यूयॉर्कच्या यांकीज या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना मालिकेतल्या तिन्ही सामन्यांत धूळ चारली. संघाचा प्रमुख फलंदाज राफाएल डेव्हर्सने त्या दिवशी होमरनही मारला. लोक घरी पोचून टेकतात न टेकतात तोच बातमी आली : डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाला देऊन टाकलं.

बोस्टनला हे नवीन नाही. १९१९ च्या डिसेंबरात मालक हॅरी फ्रेझी यांनी दिग्गज खेळाडू बेब रूथला यांकीजना एक लाख डॉलरला विकलं, आणि १९१८ नंतरचं विजेतेपद थेट २००४ मध्ये आलं. पण आजचा चाहता पोळलाय तो रूथमुळे नव्हे, मुकी बेट्समुळे.

बेट्स २०१८ चा अमेरिकन लीगचा (मेजर लीग बेसबॉलच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षी संघाने १०८ सामने आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. मात्र पगाराची बेरीज २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे पगारावर जास्त खर्च करणाऱ्या संघांना लागणाऱ्या कराच्या, मर्यादेपलीकडे गेली. हा कर सलग वर्षं भरला की दर चढत जातो. एकदा मर्यादेखाली उतरलं की गणती पुन्हा पहिल्यापासून. २०२० ची मर्यादा होती २०.८ कोटी डॉलर. त्यात मोसमाअखेर बेट्सचा करार संपून तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघात जायला मोकळा होणार; संघाच्या हातून फुकट जाणार. संघबांधणीचे प्रमुख म्हणून नव्याने आलेल्या हाइम ब्लूम यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडलं; महागडा डेव्हिड प्राइसही सोबत गेला. हिशेब वहीत चोख बसला. पण डॉजर्सनी बेट्सशी ३६.५ कोटींचा १२ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. बदल्यात आलेल्या अॅलेक्स वर्डुगोला बोस्टनने २०२३ मध्ये कुणाला द्यावं? यांकीजना!

मालक गरीब असते तर गोष्ट वेगळी. हीच मंडळी इंग्लंडातला लिव्हरपूल क्लबही चालवतात.

२०२२ मध्ये आणखी एक आघाडीचा खेळाडू झँडर बोगार्ट्स सॅन डिएगोच्या संघात गेला. ओरड वाढली, तेव्हा कुठे जानेवारी २०२३ मध्ये डेव्हर्सला ३१.३५ कोटींचा दहा वर्षांचा करार मिळाला. ब्लूम यांची त्याच सप्टेंबरात गच्छंती झाली आणि संघाचाच माजी पिचर (चेंडू फेकणारा) क्रेग ब्रेस्लो त्या खुर्चीत आला. २०२५ च्या फेब्रुवारीत अॅलेक्स ब्रेगमनला आणून डेव्हर्सला थर्ड बेस या त्याच्या क्षेत्ररक्षणाच्या जागेवरून हटवलं आणि नुसत्या फलंदाजीवर ठेवलं. मे महिन्यात फर्स्ट बेसवरचा ट्रिस्टन कासास जखमी झाल्यावर डेव्हर्सलाच त्या जागेचं विचारलं. त्याने जाहीर नकार दिला. डेव्हर्सचा हट्ट होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आधी ग्लोव्ह ठेवायला सांगायचं आणि मग तोच पुन्हा हातात द्यायचा, हे कुणाला पटेल?

त्याच्या कराराचे उरलेले २५ कोटींहून जास्त डॉलर जायंट्सनी अंगावर घेतले. आणि ज्या ब्रेगमनसाठी हे रामायण घडलं, तो मोसम संपताच करारातली मुभा वापरून फ्री एजंट झाला.