सार्क आणि बिमस्टेक: पाच देश दोन्हीकडे, तरी काम वेगळं

भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि श्रीलंका हे पाच देश सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतही आहेत आणि बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेतही. गोंधळ इथूनच सुरू होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं बहुतेक वेळा एका वाक्यात विषय मिटवतात: 'बिमस्टेक म्हणजे पाकिस्तान वगळून सार्क.' वाक्य लक्षात राहायला सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. दहशतवादाच्या प्रश्नावर तर ते थेट चुकीच्या उत्तराकडे नेतं.

आधी सदस्य पाहू. सार्क १९८५ साली ढाक्यात स्थापन झाली, सचिवालय काठमांडूत. वरच्या पाचांशिवाय त्यात पाकिस्तान, मालदीव आणि २००७ पासून अफगाणिस्तान आहे. बिमस्टेक १९९७ मध्ये बँकॉकला सुरू झाली आणि तिचं सचिवालय ढाक्यात आहे. तिच्यात थायलंड आणि म्यानमार येतात, मालदीव आणि अफगाणिस्तान येत नाहीत. म्हणजे हा निव्वळ एक देश गाळण्याचा मामला नाही. एका संघटनेचा नकाशा दक्षिण आशियाचा आहे, दुसरीचा बंगालच्या उपसागराभोवतीचा.

दहशतवादाविरुद्धचा करार सार्कने फार लवकर केला, हे अनेकांना माहीतच नसतं. नोव्हेंबर १९८७ मध्ये काठमांडूत सही झाली आणि पुढच्याच वर्षी करार लागू झाला. त्याचा गाभा असा: विमान अपहरण, ओलीस धरणं, स्फोटकांनी माणसं मारणं असे गुन्हे 'राजकीय' म्हणून पाठीशी घालायचे नाहीत. आरोपी आपल्या देशात सापडला तर त्याला मागणाऱ्या देशाच्या हवाली करायचं, नाहीतर स्वतः खटला चालवायचा. १९९५ मध्ये कोलंबोत दहशतवादी गुन्ह्यांची माहिती जमवणारा कक्ष उभा राहिला. २००४ साली इस्लामाबादच्या शिखर परिषदेत दहशतवाद्यांना मिळणारा पैसा रोखण्यासाठी पूरक करार झाला. कागदावर यापेक्षा जास्त काय हवं?

पण त्याच करारात एक पळवाटही आहे. मागणी सद्हेतूने केलेली नाही किंवा हवाली करणं अन्यायाचं ठरेल असं वाटलं, तर देश नकार देऊ शकतो. शिवाय सार्कच्या सनदेतच लिहिलंय की प्रत्येक निर्णय एकमताने होईल आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला येणार नाहीत. गावकीची बैठक बसवायची आणि दोघा भावांच्या बांधाचं भांडण मात्र तिथे काढायचं नाही, तसलाच हा प्रकार. पाकिस्तानातून होणारा दहशतवाद हेच भारताचं सगळ्यात मोठं दुखणं असताना संघटनेने त्यावर करायचं तरी काय?

सप्टेंबर २०१६ मध्ये काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला आणि सार्कच्या परिषदेसाठी पाकिस्तानात, इस्लामाबादला जायला भारताने नकार दिला. बांगलादेश, भूतान, अफगाणिस्तान यांनीही पाठ फिरवली. तिथे व्हायची एकोणिसावी शिखर परिषद राहिली ती राहिलीच. शेवटची परिषद २०१४ ची, काठमांडूची. उरीनंतर महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांच्या गटाची) बैठक भरली आणि भारताने त्या वेळी पाहुणे म्हणून बोलावलं ते बिमस्टेकच्या नेत्यांना. 'सार्क गेली, बिमस्टेक आली' हा समज तिथे पक्का झाला.

बिमस्टेकचा जन्म मात्र व्यापार आणि दळणवळणासाठीचा. दहशतवाद आणि सीमापार गुन्हेगारी हा विषय तिथे २००५ मध्ये आला आणि त्याचं नेतृत्व भारताकडे आहे. या संघटनेचा करार एकट्या दहशतवादावर नाही. संघटित गुन्हेगारी आणि अमली पदार्थांची तस्करीही त्यात बांधलेली आहे, आणि उपसागराच्या किनाऱ्यावर हे तिन्ही धंदे एकमेकांना धरूनच चालतात. करारावर सही झाली डिसेंबर २००९ मध्ये आणि तो लागू झाला मार्च २०२१ मध्ये. इतकी वर्षं सगळ्या देशांची मान्यता मिळवण्यात गेली. फौजदारी तपासात एकमेकांना कायदेशीर मदत करण्याचा वेगळा करार तर २०२२ मध्ये झाला. तरी २०१७ पासून या देशांचे राष्ट्रीय सुरक्षा प्रमुख एकत्र बसू लागले, हे माझ्या मते खरं पुढचं पाऊल आहे. सार्कमध्ये आज ते कल्पनेतही बसत नाही.

म्हणून बिमस्टेकला सार्कचा पर्याय म्हणायचं का? मला ते पटत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर आलेले हल्लेखोर कराचीहून अरबी समुद्रातून आले. बंगालच्या उपसागराची संघटना कितीही जोरात चालली तरी त्या वाटेवर तिचा हात पोचत नाही. बिमस्टेकमध्ये सुरक्षेची बोलणी सुरळीत होतात, कारण अवघड प्रश्न ज्याला विचारायचा तो देशच तिथे नाही. आणि ज्याने १९८७ च्या करारावर सही केली आहे, त्याला जाब विचारायची प्रादेशिक जागा सार्कच होती. ती बंद पडल्याचं दुःख वाटायलाच हवं, भले ती बंद पाडण्याची कारणं रास्त असोत.

व्यापारात चित्र बरोबर उलटं दिसतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून बांगलादेशाला माल जायचा असेल, तर साफ्टा या सार्कच्या मुक्त व्यापार कराराखाली मूळ देशाचं प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला, आजही मिळतं. तो करार २००६ पासून लागू आहे, शिखर परिषद होवो न होवो. बिमस्टेकच्या मुक्त व्यापाराची चौकट २००४ मध्ये ठरली, पण करार अजून पूर्ण झालेला नाही, त्यामुळे तसलं प्रमाणपत्रच नाही. थायलंडला माल पाठवणारा आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाबरोबरच्या कराराचा आधार घेतो.

बेळगावकरांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या गावात परदेशी सैनिक दहशतवादविरोधी सरावाला येतात: डिसेंबर २००८ मध्ये चीनचे आले, डिसेंबर २०१७ मध्ये मालदीवचे, २०२२ मध्ये जपानचे. हे सराव दोन देशांनी आपापसात ठरवलेले असतात. मालदीव सार्कचा सदस्य असला तरी त्या सरावाचा सार्कशी संबंध नव्हता. बिमस्टेकच्या नावाने सराव झाला तो सप्टेंबर २०१८ मध्ये, पुण्याजवळ औंधला. नेपाळने ऐनवेळी आपली तुकडी पाठवायचं रद्द केलं आणि थायलंडने फक्त निरीक्षक धाडले.