खुर्ची रिकामी होती म्हणून टॅक्सचं रूलिंग रद्द होतं का? अर्ज, अपील, कागदपत्रं

रविवार पेठेतल्या माझ्या एका दोस्ताला कुणीतरी सांगितलं, ॲडव्हान्स रूलिंग (एखाद्या व्यवहारावर टॅक्स कसा लागेल याचं अधिकृत उत्तर) देणाऱ्या अथॉरिटीत एक सदस्य कमी होता म्हणजे ऑर्डर आपोआप रद्द, अपील कशाला करतोस, आणि हा खरंच गप्प बसला होता. कृपा करून असं करू नका.

1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम 245पी घातलं होतं, त्यात साफ लिहिलं होतं की केवळ जागा रिकामी होती किंवा अथॉरिटीच्या रचनेत दोष होता एवढ्यावरून कामकाज किंवा रूलिंग बाद होत नाही. जीएसटी ट्रिब्युनलसाठी जीएसटी कायद्याच्या कलम 109 मध्ये पण तसंच आहे. सगळा जीव त्या 'केवळ' मध्ये आहे बघा, म्हणजे तुमचं म्हणणंच ऐकून घेतलं नाही असले मुद्दे वेगळे, ते मांडता येतात.

आता जीएसटीचं ॲडव्हान्स रूलिंग. राज्याच्या अथॉरिटीत एक केंद्राचा अन् एक राज्याचा असे दोन सदस्य, आणि रिकाम्या जागेचं ते वाक्य त्यांच्यासाठीच्या जीएसटी कायद्यातल्या कलम 96 मध्ये नाही. म्हणून ऑर्डर आली की खाली सह्या किती ते आधी बघा, एकच असली तर तो मुद्दा घ्या, पण अपिलातच घ्या, घरी बसून नव्हे. मुदत ऑर्डर मिळाल्यापासून 30 दिवस, सबळ कारण असलं तर अजून 30, पुढं दार बंद. फॉर्म जीएसटी एआरए-02, फी केंद्राची 10,000 आणि राज्याची 10,000.

मूळ अर्ज एआरए-01, पोर्टलवरच भरायचा, फी 5,000 अधिक 5,000. रजिस्ट्रेशन असलेला किंवा घेणार असलेला कुणीही करू शकतो, माल रेटच्या कुठल्या वर्गात, आयटीसी (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळतं का, टॅक्स लागतो का असले प्रश्न चालतात, पण तोच प्रश्न तुमच्याच केसमध्ये आधी चालू असेल किंवा निकाल लागला असेल तर अर्ज घेत नाहीत. सोबत व्यवहाराची हकीकत, तुमचं स्वतःचं म्हणणं, करार, पर्चेस ऑर्डर, बिलं जोडा. काही लपवून रूलिंग मिळवलंत तर कलम 104 नं ते सुरुवातीपासूनच रद्द ठरू शकतं. निकाल 90 दिवसांत द्यायचा असतो.

आपल्या सीमाभागात अजून एक घोळ होतो. निपाणीवाला कागलच्या पार्टीचं महाराष्ट्रातलं रूलिंग दाखवतो, पण ते फक्त त्या अर्जदाराला आणि त्याच्या ऑफिसरला बंधनकारक. कर्नाटकचं रजिस्ट्रेशन असेल तर तुमचा अर्ज बेंगळुरूच्या अथॉरिटीकडंच.

दोस्ताचे 30 पैकी 22 दिवस गेले होते, आता सीएकडं बसून एआरए-02 भरालाय.