पार्श्वभूमी : बडोद्यातलं संरक्षण कलेक्टर कचेरीतून का आलं

तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांना भेदभावापासून वाचवायला शहर काय करतं, असं बडोद्यात कुणी विचारलं की बोट आधी महानगरपालिकेकडे जातं. पालिकेचा कारभार मात्र 1949च्या महानगरपालिका कायद्यावर चालतो. त्यात आवश्यक आणि ऐच्छिक अशी कामांची वाटणी आहे : पाणी, गटारं, दिवाबत्ती, बागा वगैरे. भाड्याने खोली नाकारणाऱ्या घरमालकाला जाब विचारण्याचा अधिकार त्यात बसत नाही.

संस्थानी काळाबद्दल थोडक्यात. तृतीयपंथी जिला मानतात त्या देवीचं, बहुचराजीचं ठाणं गायकवाडी मुलखात होतं आणि तिथलं मोठं देऊळही अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाड घराण्यातल्याच एकाने बांधलं. मासीबांना, म्हणजे देवीच्या तृतीयपंथी भक्तांना, मान होता तो देवीच्या नावाने. कचेरीत त्याचा काही उपयोग नव्हता.

कचेरीचा संबंध आला 2014 नंतर. त्या वर्षी 15 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवावं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे. इतकं स्वच्छ सांगूनही पुढची पाच वर्षं वाद चालला तो तृतीयपंथी असल्याच्या दाखल्यावरच. तृतीयपंथींच्या हक्कांसाठीच्या 2016च्या विधेयकात जिल्हा छाननी समिती होती. वैद्यकीय अधिकारी, समाजकल्याण अधिकारी, मानसशास्त्रज्ञ अशा मंडळींनी समोर बसवून तुम्ही कोण ते ठरवायचं! विरोध झाला आणि 2019च्या कायद्यातून समिती गेली. प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा, वैद्यकीय तपासणी नाही, जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टरसाहेब, दाखला देतील असं ठरलं. नियमांत तीस दिवसांची मुदतही घातली.

पण हा दाखला ‘तृतीयपंथी’ एवढाच. कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहून हवं असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचं इस्पितळाचं पत्र आणून पुन्हा अर्ज करायचा. न्यायालयाने पुढच्या दाराने घालवलेली अट मागच्या दाराने आत आली, असंच म्हणावं लागेल. त्यात अर्जावरचा फोटो साडीतला, आधारवरचा मिशीतला आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरंच नाव. घर सोडून आलेल्या माणसाजवळ हे तिन्ही कागद असले तरी नशीब समजायचं.

याच दाखल्यांचं राष्ट्रीय पोर्टल 25 नोव्हेंबर 2020 रोजी सुरू झालं आणि त्याच दिवशी बडोद्यात ‘गरिमा गृह’ या केंद्रीय योजनेतल्या निवाऱ्याचं ऑनलाइन उद्घाटन झालं. किमान पंचवीस जणांची राहण्याची, जेवणाची, कामधंदा शिकण्याची सोय. पैसा केंद्राचा, चालवणारी इथलीच एक संस्था. या कामात शहराचं नाव पुढे आलं ते इथून. कायद्यातली भेदभावाची बंदी त्या मानाने लुळीच : नोकरीत, घरभाड्यात भेदभाव करू नये असं कलम आहे, पण त्याला थेट शिक्षा जोडलेली नाही. लैंगिक अत्याचारालाही या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं.

समलिंगी जोडप्यांना हेही छत्र नाही. 2018 साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा फास सुटला, पण ऑक्टोबर 2023मध्ये लग्नाचा हक्क नाकारला गेला आणि प्रश्न केंद्राच्या समितीकडे सोपवला गेला. 2024मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं आणि जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा. या सूचना आहेत, कायदा नव्हे. बडोद्यात त्या पाळायच्या कुणी, तर रेशनपुरतं पुन्हा महसुली कचेरीनेच, आणि मृतदेहाच्या बाबतीत त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने.