उत्स्फूर्त म्हणजे बिनतयारीचं?

ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका शाळेत उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने चिठ्ठी उचलली. विषय निघाला 'पाऊस'. तिने चिठ्ठीची घडी घालून मुठीत धरली, क्षणभर खाली पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या चाळीत पाऊस आधी पत्र्यावर ऐकू येतो, मग दिसतो." पुढची तीन मिनिटं ती कुठेही अडखळली नाही. शेजारचे परीक्षक पुटपुटले, "पाठ करून आलीय."

नंतर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आजीला दिसत नाही ना, म्हणून रोज संध्याकाळी तिला सगळं सांगते."

'उत्स्फूर्त' या शब्दात तयारी नसल्याचा उल्लेखच नाही. 'स्फुर्' म्हणजे थरथरणं, उसळणं, लकाकणं. 'उद्' म्हणजे वर. आतून उसळून वर आलं ते उत्स्फूर्त. ज्याच्यापाशी काहीच नाही आणि तरी उभं राहावं लागतं, त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा वाक्प्रचार आहे: वेळ मारून नेणं. या दोन्हींची गल्लत करू नये, असं मला फार वाटतं.

२००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. यंत्रात प्रचंड चुंबक असतो, त्यामुळे लोखंडाचा अंश नसलेला, ३५ पट्ट्यांचा खास कीबोर्ड बनवून घेतला. वादकांनी आधी पाठ केलेली धून वाजवली, मग मनाने. मनाने वाजवताना कपाळामागच्या मेंदूचा बाजूचा भाग मंदावला. 'हे बरोबर जातंय ना?' अशी स्वतःवर नजर ठेवण्याशी हा भाग जोडलेला मानतात. त्याच वेळी स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित असलेला मधला भाग अधिक सक्रिय झाला. सहाच माणसं, म्हणून याला अंतिम निष्कर्ष म्हणता येणार नाही. पण ती सहाही माणसं वर्षानुवर्षं रियाज केलेली होती, हे विसरू नका. नवशिक्याने ती नजर सैल सोडली तर बोटं कुठेही पडतील.

आपले गवई मैफलीत कधी न घेतलेली तान घेतात. तिच्यातले तुकडे मात्र हजारदा घोटलेल्या पलट्यांतून, म्हणजे सरावाच्या स्वररचनांतून, आलेले असतात. नाटकातला नट समोरच्याची ओळ चुकली की 'ॲडिशन', म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य, घेऊन प्रसंग सावरतो, पण आपली भूमिका पुरती अंगात मुरलेली असली तरच.

त्या मुलीचं पावसाचं वाक्य मुळात आजीसाठी घडलेलं होतं. आजीला पत्र्यावरचा आवाज आधीच ऐकू आलेला असायचा. नातीने सांगायचं ते त्यापुढचं.