‘माझा माग काढू नका’: एका विनंतीची पार्श्वभूमी

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये कितीतरी वर्षं एक छोटा चौकोन होता. त्यात खूण केली की ब्राउझर प्रत्येक साइटकडे पान मागताना सोबत एक ओळ पाठवायचा, ‘डीएनटी: १’. ‘डू नॉट ट्रॅक’, माझा माग काढू नका. त्याने कुकी, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, अडायची नाही की जाहिरात थांबायची नाही. समोरच्याने ऐकलं तर ठीक.

ही विनवणी करायची वेळ कुकीमुळे आली. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुलीने १९९४ साली कुकी काढली ती साध्या गरजेपोटी: दुकानाच्या साइटला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी. पण पानावरची जाहिरात भलत्याच सर्व्हरवरून येते आणि तोही आपली कुकी ठेवून जातो. एकाच कंपनीच्या जाहिराती हजार साइटांवर असल्या, की तुम्ही कुठे कुठे फिरलात हे तिला घरबसल्या कळतं. अशा परक्या कुकी मुळातच बंद ठेवा, असं १९९७ च्या तांत्रिक मानकात सुचवलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते कानाआड केलं. घोडं तिथेच पेंड खातं, असं मला वाटतं. पुढची सगळी ठिगळं.

‘डीएनटी’ची कल्पना २००९ ची, फायरफॉक्समध्ये ती आली २०११ साली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा १ आधीच लावून द्यायचं ठरवलं आणि भडका उडाला. ही वापरणाऱ्याची निवडच नाही, आम्ही मानणार नाही, असा जाहिरातवाल्यांचा पवित्रा. गंमत म्हणजे ‘डीएनटी’च्या मानकाचे एक संपादक रॉय फील्डिंग यांनीच अपाची या साइट चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये त्या एक्सप्लोररचा १ पुसून टाकायची सोय घातली! वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची समिती ‘माग काढणं’ म्हणजे नेमकं काय यावर घोळ घालत राहिली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला.

त्याच वर्षी ॲपलने आपल्या सफारी ब्राउझरमधून हा पर्याय काढला. ज्या बारीकसारीक खुणा जुळवून ब्राउझर ओळखता येतो, त्यात या १ चीच भर पडण्याची भीती होती. तोवर सफारी विनवण्या सोडून परक्या कुकींवर थेट बंधनं घालू लागला होता. फायरफॉक्सचा चौकोन २०२५ मध्ये गेला.

२०२० साली ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ नावाने तसाच एक १ पुन्हा आला. या वेळी कॅलिफोर्नियाचा कायदा पाठीशी होता. तो कायदा न पाळल्याच्या आरोपांवरून २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या सेफोराला १२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं.