पाखाडी, तर आणि सडा: दापोली किनाऱ्यावरच्या पायवाटांची पार्श्वभूमी

दापोलीच्या किनाऱ्यावर हल्ली ‘ट्रेल’ म्हणून ज्या वाटा दाखवल्या जातात, त्या फिरायला म्हणून कुणी पाडलेल्या नाहीत. बंदर गाठायला, देवाला जायला, सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या सपाटीवर, गुरं न्यायला, गवत-फाटी आणायला त्या पडल्या. काम सुटलं तशा बुजत गेल्या.

सगळ्यात जास्त राबता बंदराच्या वाटांवर. हर्णै हे मुंबईहून येणाऱ्या आगबोटींचं ठरलेलं बंदर होतं. बोट बाहेर खोल पाण्यात नांगरायची, उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे आणि पुढे सामान डोक्यावर घेऊन आपापल्या गावाला चालत सुटायचे. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. म्हणून चढाच्या जागी जांभ्याच्या बुटक्या पायऱ्या बसवल्या गेल्या आणि चढ कमी झाला की मध्ये चार पावलांची सपाटी सोडली गेली. या बांधीव वाटा म्हणजे पाखाड्या.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो. वारा-ऊन लागलं की टणक होतो. पाखाडीत हे चिरे चुन्याशिवाय, नुसते मातीवर दाबून बसवतात. पावसाचं पाणी सांध्यांतून मुरतं, उरलेलं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेच्या चरातून वाहून जातं. चर पाचोळ्याने तुंबला की पाणी पायऱ्यांवर चढतं, एखादा चिरा सुटतो, आणि पुढच्या पावसात त्याच्या वरची ओळ खचते. म्हणून पाऊस सरला की वाडीतली माणसं वाट बेणायची (गवत-झुडपं काढायची), चर मोकळा करायची, सुटलेला चिरा ठोकून बसवायची. तासाभराचं काम, पण दरवर्षीचं.

आता ‘दुरुस्ती’ म्हणजे चिऱ्यांवर सिमेंटचा थर, किंवा दुचाकी चढावी म्हणून पायऱ्या मोडून केलेला उतार. पाणी मुरायला जागा उरत नाही. ते वरून वाहतं, शेवाळ धरतं आणि कडेची माती खालून पोखरतं. भर पावसात जुन्या पाखाडीवर पाय पूर्ण टेकवून, जरा आडवं होत उतरता येतं. सिमेंटच्या उतारावर तेही जमत नाही. खर्च करून वाट बिघडवण्याचा हा प्रकार आहे.

पाखाडी कशी असते ते पाहायचं तर आसूदच्या केशवराजाला जावं. नारळी-पोफळीच्या बागांतून ती उतरते, साकवावरून नदी ओलांडते आणि पलीकडे देवळाकडे उभी चढते. वर गोमुखातून डोंगरातलं पाणी पडत असतं. ही वाट टिकली, कारण बहुतेक लोक अजून तिथे पायीच जातात.

आंजर्ल्याला उलट झालं. कड्यावरच्या गणपतीला हर्णैकडून येणारा माणूस जोग नदीची खाडी तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, ओलांडायचा आणि गावातून डोंगर चढायचा. पुढे पूल झाला, गाडी थेट देवळापर्यंत जाऊ लागली, आणि तर व चढण दोन्हींची गरज संपली. दाभोळ-धोपावे दरम्यान 2003 पासून जंगल जेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, सुरू आहे. गाड्यांची सोय झाली.

राहिली किनाऱ्याची वाट. मुरूड-कर्दे सलग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आहे, तिथे काही विचार करावा लागत नाही. डोंगराचं टोक समुद्रात घुसतं तिथे मात्र खडकांवरून वळसा घ्यायचा तो ओहोटीलाच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेलाही हाच नियम, आणि तो मोडून लाटेने ओढले गेलेले लोक कमी नाहीत. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आठला निघावं, दहाला पाणी फिरायच्या आत टोक पार केलेलं असावं. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बरा जुळतो. दक्षिणेला भरती लवकर लागते, तेव्हा दापोलीकडे अर्धा तास हाताशी ठेवावा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, ओहोटीलाही पाणी फार आत जात नाही आणि टोकाखालचे खडक उघडे पडत नाहीत. तेव्हा वेळ बरोबर साधली तरी वळसा सोडून सड्यावरून जावं.