ऑगस्ट क्रॉग यांचे केशवाहिन्यांवरील संशोधन

डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक ऑगस्ट क्रॉग (१५ नोव्हेंबर १८७४ – १३ सप्टेंबर १९४९) यांना १९२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक केशवाहिन्यांतील (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतील) रक्तप्रवाहाच्या नियमनाच्या शोधाबद्दल मिळाले. कामाला लागलेल्या स्नायूला ऑक्सिजनचा पुरवठा वाढतो तो कसा, हा त्यांचा प्रश्न होता.

त्याची सुरुवात फुप्फुसांपासून झाली. कोपनहेगनमधील त्यांचे गुरू क्रिस्टियान बोर यांच्या मते फुप्फुसे ऑक्सिजन ग्रंथीप्रमाणे स्रवतात. क्रॉग आणि त्यांच्या पत्नी डॉ. मारी यांनी रक्तातील वायूंचा दाब हवेच्या इवल्याशा बुडबुड्याच्या साहाय्याने मोजला आणि नुसते विसरण (जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वायूचे आपोआप पसरणे) पुरते, हे १९१० मध्ये दाखवले. गुरूंचे मत शिष्यानेच खोडले. ऊतींतही विसरणावरच भागायचे असेल, तर केशवाहिनीपासून पेशीपर्यंतचे अंतर निर्णायक ठरते.

म्हणून क्रॉग यांनी केशवाहिन्या मोजल्या. जिवंत प्राण्याच्या रक्तात काळी शाई सोडायची, ती पसरताच प्राणी मारायचा आणि स्नायूच्या आडव्या कापात काळे ठिपके मोजायचे. शाई पोहोचली ती वाहिनी उघडी. पद्धत साधी, पण चुकायला जागा भरपूर: शाईचे कण गोळा झाले तर वाहिन्या तुंबतात आणि आकडा कमी भरतो, स्नायू चोळला गेला तर मिटलेल्या वाहिन्या उघडतात आणि आकडा फुगतो. गिनीपिगच्या विश्रांत स्नायूत दर चौरस मिलिमीटरला सुमारे तीसपासून दोन-तीनशेपर्यंत, तर काम करणाऱ्या स्नायूत सुमारे २,५०० उघड्या वाहिन्या आढळल्या.

या आकड्यांचा अर्थ लावायला गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी सूत्र करून दिले. प्रत्येक केशवाहिनीभोवती ऊतीचे एक नळकांडे कल्पायचे आणि ऑक्सिजन मधल्या वाहिनीतून फक्त बाहेरच्या दिशेने पसरतो, असे धरायचे. दर चौरस मिलिमीटरला १०० वाहिन्या असतील तर नळकांड्याची त्रिज्या सुमारे ५६ मायक्रोमीटर येते. २,५०० असतील तर ११. वाहिनीची त्रिज्या ३ मायक्रोमीटर आणि ऑक्सिजनचा खप तेवढाच धरला, तर पहिल्या स्थितीत वाहिनी आणि कडेची पेशी यांच्यातील दाबाचा फरक दुसऱ्याच्या सुमारे ७० पट लागतो. नीलेकडच्या टोकाशी, वाहिनीपासून सर्वांत दूर असलेल्या पेशी आधी उपाशी राहतात. खऱ्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, एकमेकींना जोडलेल्या असतात. तरी पहिल्या अंदाजाला हे नळकांडे आजही वापरतात.

बेडकाच्या जिभेला टोचल्यावर रोहिणी रुंदावली नाही तरी तेवढ्याच भागातल्या केशवाहिन्या उघडतात, असे क्रॉग यांनी पाहिले. यावरून केशवाहिनी स्वतःच आकुंचन पावते, असे ते मानत. हा भाग त्यांच्या मोजणीइतका भक्कम ठरला नाही. पुढे नियमनाचे मुख्य काम सूक्ष्म रोहिणींकडे गेले. केशवाहिन्यांना बिलगलेल्या आकुंचनशील पेशींचा वाटा किती, यावर वाद आहे. विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून रक्त वाहते, असे नंतरच्या अनेक प्रयोगांत दिसले. त्या अभ्यासकांच्या मते काम सुरू झाल्यावर वाढतो तो मुख्यतः प्रत्येक वाहिनीतून जाणाऱ्या तांबड्या पेशींचा ओघ. नव्याने उघडणाऱ्या वाहिन्यांचा वाटा थोडाच.